आवाज मना, नाव कोनं?



हा अंक तुमच्या हाती आठवडाभर उशिरा पडतो आहे. दोष छापखान्याचा नाही, संपादकीयाचा आहे. विषय ठरलेला होता, अर्धा मजकूर लिहूनही झाला होता. मग आखाजीच्या तोंडावर आमच्या सटाण्याच्या गटाची बैठक झाली आणि तो मजकूर बाजूला ठेवावा लागला.

बैठकीला आमच्या गटातल्या सगळ्यांत जुन्या मावशी आल्या होत्या. मावशींनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कांदे लावले. पण आसपासच्या चार गावांत त्यांची ओळख आहे ती गळ्यासाठी. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींनी झोक्यावर म्हणायची गाणी, कानबाईच्या रात्री जागवायची गाणी, हळदीची, जात्यावरची, अशी अहिराणीतली शे-सव्वाशे गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. त्या दिवशी त्यांनी नातवाचा फोन आमच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, ऐका.

गाणं सुरू झालं ते मावशींच्याच आवाजात. आखाजीच्या गाण्याच्या चार ओळी, मग त्यांतले दोन शब्द तोडून पुन्हा पुन्हा, मग खालून ढोलासारखा ठेका, आणि मग काळा चष्मा घातलेला एक मुलगा डाळिंबाच्या बागेत उभा राहून तालावर भराभर अहिराणी बोलू लागला. याला रॅप म्हणतात, हे आता आपल्या घरातली सातवीतली पोरंही सांगतील. गाणं वाईट नाही. खरं सांगायचं तर चांगलं आहे. अहिराणी बोलायची लाज वाटणाऱ्या पिढीतला मुलगा छाती पुढे काढून ती बोलतो आहे, हे बघून मला बरंच वाटलं. गाण्याच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खान्देशातल्या समस्त आयाबहिणींना मानवंदना.' शेवटी नावं आली. लेखन, संगीत, रॅप, कॅमेरा, ड्रोन, संकलन. ज्याचा ट्रॅक्टर वापरला त्याचे आभार. ज्याची बाग वापरली त्याचे आभार. मूळ गाण्यापुढे एकच शब्द होता: पारंपरिक.

मावशींनी फोन बंद केला आणि विचारलं, "आवाज मना, नाव कोनं?"

दोन वर्षांपूर्वी त्या मुलानं ओसरीवर बसून त्यांचं गाणं फोनमध्ये भरून घेतलं होतं. 'आजी, आठवण म्हणून' असं म्हणाला होता. मावशींनी त्याला चहाही पाजला होता.

आमच्यात एकदम कालवा उठला. कोणी म्हणालं पोलिसात जाऊ, कोणी म्हणालं गावातला पोरगा आहे, जाऊ द्या. तेवढ्यात एका मैत्रिणीची कॉलेजात जाणारी मुलगी, आईला न्यायला आलेली, दारातूनच म्हणाली, "हे तर सिस्टर नॅन्सीसारखं झालं." आम्हा कुणालाच ही नॅन्सी ठाऊक नव्हती. त्या मुलीनं आम्हाला तिचं गाणं ऐकवलं, गोष्ट सांगितली, आणि पुढचे आठ-दहा दिवस मी दुसरं काही वाचलं नाही.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट आहे, क्षेत्रफळानं आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही लहान. ऊसमळ्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे वंशज तिथे बहुसंख्येनं राहतात. किंग्स्टन ही राजधानी. तिथल्या गरीब वस्त्यांत मोठमोठे कर्णे मांडून रात्रभर तबकड्या वाजवायच्या आणि लोकांनी नाचायचं, अशी रीत गेल्या शतकाच्या मध्यापासून पडली. ज्या हॉलांत आणि आवारांत हे नाच होत त्यांवरून पुढे त्या संगीतालाच 'डान्सहॉल' हे नाव पडलं. आपल्याकडे डीजे म्हटलं की वरातीपुढची कर्ण्यांची गाडी डोळ्यांपुढे येते. जमैकात मात्र डीजे म्हणजे वाजत्या तबकडीवर माइक हातात घेऊन तालात बोलणारा, लोकांना खुलवणारा माणूस. आणि तो माणूस म्हणजे पुरुषच, हे गृहीत होतं.

ऑफलिन रसेल १९६२ साली किंग्स्टनला जन्मली, तिचा देश इंग्रजांपासून स्वतंत्र झाला त्याच वर्षी. पंधरा भावंडांचं घर. थोरला भाऊ डीजे होता. त्याच्या मागे मागे जाऊन पंधरा-सोळाव्या वर्षी हिनंही माइक धरला आणि सिस्टर नॅन्सी या नावानं ओळखली जाऊ लागली. पुरुषांनी भरलेल्या त्या रात्रींमध्ये, माइकसाठी ढकलाढकली चालायची तिथे, एक पोर आपला नंबर लावून उभी राहते! आपल्यापैकी जिनं जिनं ग्रामसभेत पहिल्यांदा उठून बोलायचा प्रयत्न केला आहे, तिला हे चित्र समजायला जमैकाला जावं लागणार नाही.

१९८२ साली तिचा 'वन, टू' हा अल्बम आला. निर्माता विन्स्टन रायली. एका गाण्याची जागा भरायची राहिली होती, म्हणून अगदी शेवटी तिनं 'बॅम बॅम' म्हटलं. ठेका आधीचाच होता, १९७३ सालचा. तिकडे एकाच ठेक्यावर अनेक गायक आपापले शब्द बसवतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्या बायका एकाच चालीवर दहा ओव्या जोडतात तसंच ते. 'बॅम बॅम' ही टेकही तिची एकटीची नव्हती. टूट्स अँड द मेटल्स या चमूनं त्याच नावाच्या गाण्यावर १९६६ साली जमैकाची गीतस्पर्धा जिंकली होती. नॅन्सीनं त्यात स्वतःचं जे घातलं ते असं: मी बाई आहे, माइकवर बोलणं ही माझी आकांक्षा आहे, आणि हे कुठून शिकलीस असं मला विचारू नका.

हे सगळं इतक्या बारकाईनं सांगते, कारण 'लोकसंगीत सगळ्यांचंच असतं, त्यात कुणाचं नाव कसं टाकणार?' हा युक्तिवाद त्या मुलानंही केला आणि आमच्या बैठकीतल्या दोघींनीही केला. तो अर्धा खरा आहे. चाल सगळ्यांची असते, टेक पूर्वीपासून चालत आलेली असते. पण त्या दिवशी त्या खोलीत उभी राहून जी गायली ती एकच बाई होती, आणि लोक आज जे ऐकून डोलतात तो तिचा गळा आहे.

'बॅम बॅम' जमैकात तेव्हा फारसं गाजलं नाही, बाहेरदेशी मात्र पसरत गेलं. नॅन्सी १९९६ साली अमेरिकेत न्यू जर्सीला गेली आणि तिनं बँकेत हिशेबाचं काम धरलं. १९९८ साली 'बेली' नावाच्या चित्रपटात तिचं गाणं वाजलं. त्याच वर्षी लॉरिन हिल या गायिकेनं ते आपल्या गाण्यात घेतलं. पुढे तर हिपहॉपवाल्यांनी त्याचा सपाटाच लावला. जुन्या तबकडीतला तुकडा कापून नव्या गाण्यात शिवायचा, याला ते लोक सँपल म्हणतात. गोधडी शिवणाऱ्या बायकांना ही कला नवी नाही. शंभरावर गाण्यांत तिचा आवाज असा शिवला गेला. आणि ती दिवसभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब लिहीत होती! तिनं स्वतःच अनेकदा सांगितलं आहे की त्या सगळ्या वर्षांत या गाण्याचा एक पैसाही तिला मिळाला नाही. २०१४ साली रीबॉक बुटांच्या जाहिरातीत तिला आपलाच आवाज ऐकू आला, तेव्हा ती उठली आणि वकिलाकडे गेली. गाण्याचा अर्धा हक्क तिच्या नावावर झाला. थकबाकी मिळाली ती मागच्या दहा वर्षांची. गाण्याला तोवर बत्तीस वर्षं झाली होती. उरलेली बावीस वर्षं बुडीत खात्यात गेली.

यानंतरची दोन गाणी शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

२०१६ साली कान्ये वेस्ट या बड्या रॅपरचं 'फेमस' आलं. त्यात एका नामवंत गायिकेविषयी असे काही शब्द आहेत की मी ते इथे छापणार नाही. तिला प्रसिद्धी आपणच मिळवून दिली, अशी मर्दानी शेखी त्यात आहे. त्याच गाण्यात पुढे सिस्टर नॅन्सीचा आवाज येतो, आणि गाणं ऐकणारा तिथेच डोलू लागतो. मी बाई आहे, माइक माझा आहे, असं म्हणणारा आवाज दुसऱ्या बाईला खाली पाडणाऱ्या गाण्याची झालर झाला. कायद्यानं सगळं रीतसर असेलही. पण आवाज एकदा कापून घेतला की तो कशाला जोडला जाईल यावर बाईचा ताबा राहत नाही, हे या गाण्यामुळे मला पहिल्यांदा नीट कळलं.

२०१७ साली जे-झी या तितक्याच बड्या रॅपरनं 'बॅम' नावाचं गाणं काढलं. बॉब मार्लीचा मुलगा डेमियन मार्ली त्यात गायला आहे. नावापासूनच ते नॅन्सीच्या गाण्याला वाहिलेलं आहे. त्याचा चित्रपट करायला ही मंडळी जमैकाला गेली, आणि पडद्यावर सिस्टर नॅन्सी स्वतः आहे, पंचावन्न वर्षांची, ताठ. हिला मानवंदना म्हणायला माझी हरकत नाही. मात्र क्रम लक्षात घ्या. आधी वकील, मग हिशेब, मग हक्क, आणि त्यानंतर मानवंदना. हा क्रम उलटा असता तर ती पडद्यावर हसली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत गेली असती.

हिपहॉपनं जमैकाला वंदन करणं तसं लेकीनं माहेरी जाण्यासारखं आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या मेजवानीपासून हिपहॉपचा जन्म मोजतात, तिथे तबकड्या वाजवणारा कूल हर्क हा किंग्स्टनहून आलेला मुलगा होता. त्याचं नाव जगाला माहीत आहे. पण ती मेजवानी ठेवली होती त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं! शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून तिनं खोली ठरवली, चिठ्ठ्या लिहिल्या, मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असं तिकीट लावलं. (तिकिटाचा हा दर आपल्या पुढच्या मेळाव्याला लावायला हरकत नाही.)

दूरच्या गोष्टी सांगून मी आपल्या घरच्या झाकते आहे असं होऊ नये. आपल्याकडे डान्सहॉल नाही, पण तंबू आहे, संगीत बारी आहे, कलाकेंद्र आहे. आमच्या भागातल्या यात्रांमध्ये तमाशाचे तंबू लागत. लहानपणी आम्हा मुलींना त्या बाजूला फिरकायचीही बंदी होती, आणि घरातले पुरुष मात्र रात्री उशिरा त्याच वाटेनं परत येत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट आज सगळ्यांना पाठ आहे: तंबूमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. भाषणांत ही गोष्ट सांगताना वक्त्यांचा कंठ दाटून येतो. मला ती ऐकताना नेहमी प्रश्न पडतो की त्या रात्री खेळ थांबवायची मुभा तिला का नव्हती. राष्ट्रपतींकडून सन्मान झालेली ही बाई शेवटच्या काळात हलाखीत होती. १५ जानेवारी २००२ ला ती गेली. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावानं तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार चांगलाच आहे, पण तिच्या औषधपाण्याच्या वेळी त्याचा उपयोग झाला नाही. सुलोचना चव्हाणांनी लावणी घराघरांत नेली, डोक्यावरचा पदर ढळू न देता. त्यांना पद्मश्री मिळाली २०२२ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

मानवंदनेला आपण फार लवकर भुलतो. 'समस्त आयाबहिणींना' वंदन केलं की कुठल्याही एका बाईचं देणं लागत नाही. आपल्या सटाण्यानं देव केला तो एका मामलेदाराला. यशवंतराव महाराजांनी दुष्काळात सरकारी तिजोरी उघडून उपाशी लोकांना वाटली म्हणून आजही त्यांची यात्रा भरते. आधी तिजोरी उघडली, देवपण नंतर आलं. गावाला हा क्रम चांगला माहीत आहे, बायकांच्या बाबतीतच तो विसरतो.

आता कायद्याचं थोडं, कारण बैठकीत कुणालाच ते नीट माहीत नव्हतं आणि तुमच्याही उपयोगी पडेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीनं ते अधिक पक्के झाले. गाणं पारंपरिक असलं, त्यावर कुणाचाच मालकीहक्क नसला, तरी ते गाणारीचा आपल्या गायनावर हक्क असतो, आणि तो पन्नास वर्षं टिकतो. तिच्या संमतीवाचून तिचं गायन ध्वनिमुद्रित करून बाजारात आणता येत नाही. त्यातून कमाई होत असेल तर तिला वाटा मागता येतो. आणि आपल्या गायनाला आपलं नाव लागावं, गायनाची नाचक्की होईल अशी मोडतोड होऊ नये, हेही मागता येतं. मावशींनी कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती, अंगठाही दिलेला नव्हता. 'आठवण म्हणून' भरून घेऊ देणं म्हणजे विकायला परवानगी देणं नव्हे.

इथपर्यंत लिहून मी थांबले असते तर अंक वेळेवर निघाला असता.

बैठक संपताना मी तावातावानं म्हणाले की आपण त्या मुलाला पत्र लिहू, कायद्याचं कलम घालू. मावशी चपला घालत होत्या. मागे न बघता, अगदी सहज म्हणाल्या, "तुमना पुस्तकमा बी नव्हतं, बाई."

घरी येऊन मी जुने अंक काढले. काही वर्षांपूर्वीच्या एका दिवाळी अंकात आपण आखाजीची अकरा गाणी छापली होती. वाचकांची खूप पत्रं आली होती. त्यांतली सात मावशींनी सांगितलेली, चार त्यांच्याबरोबर कामाला जाणाऱ्या बायकांनी. वर लिहिलं होतं 'स्त्रियांची मौखिक परंपरा', खाली लिहिलं होतं 'संकलन', आणि त्यापुढे माझं नाव. पुढे एका चर्चासत्रात याच गाण्यांवर निबंध वाचून मी शाबासकी मिळवली. जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधनही घेतलं. मावशींना मी अंकाची एक प्रत दिली होती, ज्यांना वाचता येत नाही त्यांना! पोरानं निदान गाण्यात त्यांचा आवाज तरी ठेवला. मी तोही पुसला होता.

असं करायची गरज नसते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांसमोर येऊ लागल्या. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं. लाखभर ओव्यांचा पसारा सांभाळणाऱ्यांना जे जमलं ते अकरा गाण्यांसाठी मला जमलं नाही, याला माझ्याकडे कुठलाही बचाव नाही. बाईंनी विचारायचं आणि बाईंनीच लिहायचं, मावशींनी सांगायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात जात आणि जमीन दोन्ही आहेत हे मी सोयीनं बघितलं नाही.

मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःच आला. बी.ए. झाला आहे, नोकरी नाही, कांद्याच्या हंगामात मार्केटात हमालांच्या हिशेबाचं काम करतो. गाण्याला लाखावर लोकांनी बघितलं तरी हाती आलेली रक्कम ड्रोनच्या एका दिवसाच्या भाड्याइतकीही नाही, हे त्यानं फोन उघडून दाखवलं. चोर म्हणावा असा तो नाही. मी त्याला दमात घ्यायला बसले होते, पण आधी माझा तो दिवाळी अंक त्याच्यापुढे ठेवला. मग आम्ही दोघं मावशींकडे गेलो. नाव बदलण्याचं काम त्यानं तिथे बसूनच केलं. 'पारंपरिक' या शब्दापुढे आता गायिकेचं नाव आणि गाव आहे. पैशाचा मुद्दा सुटलेला नाही. तो तिसरा हिस्सा द्यायला तयार आहे, पण ज्याच्या नावावर चॅनेल आहे तो त्याचा जोडीदार 'आजीबाईला पैसे कशाला?' म्हणतो. त्याच्याशी बोलणी चालू आहेत. गटातर्फे लेखी करारनामा करून मागितला आहे. त्याचा नमुना हवा असेल त्या गटांनी आम्हाला लिहावं.

या सगळ्या हकिकतीत मावशींचं नाव मी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नाव गाण्याखाली छाप, भांडणाखाली नको. त्यांची एक तक्रार मात्र राहिली आहे, आणि ती पैशाची नाही. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती, आवाज बसला होता. जगभर जायचंच असेल तर त्यांना ते गाणं पुन्हा, नीट म्हणायचं आहे. मुलगा येत्या रविवारी यायचा आहे.

त्या दिवाळी अंकातली अकराही गाणी शेवटच्या पानावर गाणाऱ्यांच्या नावांसह पुन्हा छापली आहेत. दोन गाण्यांपुढची जागा कोरी आहे. त्या दोघी मावशींबरोबर कांदे लावायला येत, एक डांगसौंदाण्याकडची होती आणि दुसरी साक्री तालुक्यात दिलेली, एवढंच आम्हाला समजलं. कुणाला ठाऊक असेल तर कार्ड टाका.